मालकाचं उत्तर: फुकट काम करून घेतलेलं नाही

नमस्कार भाऊ,

आमच्या वर्कशॉपला तुम्ही ऑनलाइन दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. सेटरच्या, म्हणजे मशीनचं सेटिंग करणाऱ्याच्या, जागेसाठी ओझरहून इंटरव्ह्यूला बोलावलं, ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणालो, पुढे तीन आठवडे फोन नाही, आणि तुम्ही केला तो उचलला नाही. हे सगळं खरं आहे, माफ करा. फोन ऑफिसच्या टेबलावर असतो, मशीन चालू असलं की आत ऐकू येत नाही. पण मिस्ड कॉल तर दिसतात, तेव्हा ते कारण पुढे करत नाही. ‘घोस्ट केलं’ म्हणजे काही न कळवता गायब होणं, हे मुलीला विचारल्यावर कळलं. तेही कबूल.

पण ‘ट्रायलच्या नावाखाली दोन तास फुकट काम करून घेतलं’ हे मनाला लागलं. तुम्हाला दिलेलं ड्रॉइंग गिऱ्हाइकाच्या जॉबचं नव्हतंच. उरलेल्या ईएन-8 स्टीलच्या बारचा 30 एमएम जाडीचा तुकडा, जेमतेम अर्धा किलो. त्यावर दोन स्टेप, म्हणजे कमी व्यासाचे टप्पे, त्यातली एक 25 एच-7, म्हणजे 25 एमएमच्या मापात सूट वर शून्य आणि खाली 21 मायक्रॉन. येणाऱ्या प्रत्येक सेटरला मी हाच पीस देतो. बायोडेटावर पाच वर्षांचा अनुभव सगळेच लिहितात. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती, टाकता येतो का, ते मशीनपुढे उभं केल्यावरच कळतं. आणि दोन तास नाही, सव्वा तास लागला. त्यातली वीस मिनिटं लाइट नव्हती, तेव्हा आपण चहा घेतला होता, आठवत असेल. तेवढा वेळ माझं मशीन प्रॉडक्शनला बंद. तासाला 350 रुपये रेट धरतो मी, मग फुकट कोणी कोणाला दिलं? तो पीस विकलेला नाही, कुठे लावलेला नाही. टेबलावर चलनं उडू नयेत म्हणून ठेवलाय. माप बरोबर आलं होतं तुमचं, हेही सगळ्यांसमोर सांगतो.

मग बोलावलं का नाही? तुमच्या आदल्या दिवशी सिन्नरचा एक जण येऊन गेला होता, त्याला हो म्हणून बसलो होतो. तुम्हाला स्पष्ट नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसरीकडे लागला असता, म्हणून गप्प राहिलो. हे चुकलं. तो सोमवारी येणार होता, आला नाही. मंगळवारी म्हणाला घरी आजारपण आहे, गुरुवारी येतो. गुरुवारपासून फोन बंद. या वर्षातला हा चौथा. त्याच्यासाठी आणलेले नऊ नंबरचे सेफ्टी शूज तसेच पडून आहेत. द्राक्षाचा हंगाम लागला की निफाड-दिंडोरीकडची पोरं न सांगता जातात. काही जण सातपूरला मोठ्या कंपनीत जातात, कॉन्ट्रॅक्टवर का होईना. आमच्याकडे ना कँटीन ना बस, तेव्हा तेही समजतं. पण त्यांना एक स्टार कुठे द्यायचा, ते मला कोणी सांगत नाही.

त्यानंतर तुम्हाला दोनदा फोन केला. वाजत राहिला. त्याबद्दल तक्रार नाही.

नाशिकच्या अंबडमध्ये आठ माणसांचं शॉप आहे आमचं. गिऱ्हाइक कंपन्यांचे पर्चेसवाले पत्ता शोधायला लागले की आधी हेच दिसतं त्यांना, आणि ‘फुकट काम’ वाचल्यावर पुढचं कोण वाचतंय? स्टार राहू द्या. ती एक ओळ काढता आली तर बघा.

इथून पुढे होकार असो की नकार, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं ठरवलंय, शक्यतो आठवड्याच्या आत, डिस्पॅचची घाई नसेल तर. लांबून येणाऱ्यांच्या पेट्रोलचंही काहीतरी बघू.

सेटरची जागा अजून रिकामी आहे. शनिवारी शॉप बंद असतं.