पणजीचं नाव

पणजीचं नाव विचारायला काकांकडे गेले आणि हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन परत आले. डोकं अजून थंड झालेलं नाही.

आमच्या कुळाची छापील वंशावळ आहे. पुरुषांची रांग थेट पेशवाईपर्यंत जाते, पण त्यांना कुणा बाईनं जन्म दिल्याचा पुरावा नाही. वडिलांच्या नावाखाली ‘एक कन्या’ एवढंच. ती कन्या म्हणजे मी. म्हणून नाशिकला रामकुंडावर गेले. गाव-आडनाव सांगितल्यावर गुरुजींनी लांबट वही काढली आणि पणजोबांची मोडीतली सही दाखवली. शेजारी लिहिलेलं, ‘सहकुटुंब’. झालं! तहसिलात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, तेही मोडीत. आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणारा माणूस मिळणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं आरक्षण.

राहता राहिले काका.

“काका, तुमच्या आजीचं नाव काय हो?” एवढंच विचारलं. काकांनी उत्तर देण्याऐवजी शेजारच्या अण्णांना हाक मारली. अण्णा तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देतात. गावात कुणाचीही वाटणी असो, हे न बोलावता हजर.

“ताई, वंशावळ कशाला काढताय?”

“आवड म्हणून.”

“आवड म्हणून कुणी काढत नाही. वंशावळ निघते वारसनोंदीला, नाहीतर जातीच्या दाखल्याला. दाखला तुम्हाला नको. मग?”

“पणजीचं नाव हवंय.”

“तिच्या नावावर काही नाही. जमिनीच्या नोंदींतले सगळे फेरफार मी बघितलेत.”

“अहो, जमीन नकोय. नाव पाहिजे.”

“म्हणजे नाव लावायचंय!” अण्णा काकांकडे वळले. “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

मग बशीत चहा ओतून त्यांनी मला कायदा शिकवला. २००५ पासून मुलगी जन्मानंच वाटेकरी. बाप त्याआधी वारला तरी फरक पडत नाही, २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. माझा हक्क मला इतका सोपा करून आजवर कुणी सांगितला नव्हता. लगेच पुढच्या घोटाला तो सोडायचा कसा, तेही सांगितलं. “हक्कसोड नोंदवूनच करावं लागतं ताई, तोंडी चालत नाही. मसुदा आहे माझ्याकडे.” होताच. खिशात. त्यात माझं नाव मात्र अगदी शुद्ध, सासरच्या आडनावासकट!

काकूनं ओटी भरायला आत नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, पणजोबांच्या बायका दोन. थोरलीला मूल झालं नाही म्हणून तिला माहेरी धाडलं. नाव? “सगळे थोरलीच म्हणायचे.” तेवढ्यात बाहेरून काका ओरडले, “ते काही लिहायचं नाही हं! घराण्याची अब्रू आहे.”

आता हे मलाही कळतं. आत्याचं लग्न का मोडलं ते मी लिहिणार नाही. ती जिवंत आहे, तिचं तिनं सांगावं. चुलत भावंडांच्या जन्मतारखा, कुणाचा आजार, हे मी इंटरनेटवर टाकणार नाही. पण थोरली जाऊन किती काळ लोटला असेल! तिच्याबद्दल गप्प बसून कुणाची अब्रू राखायची? तिची तर नव्हे. पणजोबांची राखायची, आणि ते वंशावळीत मधोमध, सगळ्यात जाड अक्षरात बसलेत. वर संपादकांनी प्रस्तावनेत लिहिलंय, ‘माहिती उपलब्ध झाली नाही.’ विचारली कुणाला होती? काकूला तर कुणीच नाही.

मी सही केली नाही. काका तेव्हापासून बोलत नाहीत. दिवाळीचा फराळसुद्धा शेजारच्या मुलाबरोबर पाठवला, चकल्या मोडलेल्या.

काल मात्र अण्णांचा फोन आला. थोरलीचं नाव सापडलंय म्हणे, एका जुन्या फेरफारात. तिला चोळीबांगडीला दिलेला तुकडा होता, तो नंतर आपल्यातच फिरला.

“मग सांगा ना नाव.”

“सांगतो की. सहीच्या दिवशी, दुय्यम निबंधकांसमोर.”