पूर्णविराम आणि अंगठा

आमच्या शाखेत अकरा माणसं आहेत आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माणसं सांभाळायची सवय आहे. घाम फोडलाय तो ग्रुपने.

मी एका सहकारी बँकेचा शाखाधिकारी. जन्म 1967 चा, नोकरी 1989 पासून. तेव्हा हाताने लिहायची लेजरं होती. मार्चअखेरीला पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचं आणि सकाळी साहेब ‘हं’ म्हणाले की कौतुक झालं असं धरायचं. माझे पहिले साहेब चार वर्षांत माझ्याशी मोजून तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक ‘पंखा बंद कर’ होतं. तरी ते बदलून गेले तेव्हा आम्ही रडलो. का, ते मात्र आज आठवत नाही.

गेल्या वर्षी नव्या भरतीतून कर्ज विभागाला एक मुलगी आली. वय तेवीस. पासिंगच्या, म्हणजे व्यवहार मंजूर करायच्या टेबलावर एक मॅडम आधीपासून होत्याच, त्यामुळे त्या ‘मोठ्या मॅडम’ आणि ही ‘छोट्या मॅडम’. कामाला वाघ. ज्या अहवालाला मी दोन दिवस लावायचो, तो चहा निवायच्या आत समोर ठेवते. एक दिवस सकाळी तिचा मेसेज आला : ‘सर आज जमत नाहीये ताप आहे’. पुढे थर्मामीटर तोंडात धरलेलं एक पिवळं डोकं.

आमच्या काळी ताप आला तरी ‘मे. शाखाधिकारी साहेब यांसी, वि. वि. अर्ज ऐसाजे’ इथपासून ‘आपला नम्र’ इथपर्यंत जावं लागे. अर्ज पुरा होईस्तोवर ताप उतरायचा. पण म्हटलं, काळ बदललाय, आपणही बदलू. मी मोठ्या मनाने उत्तर दिलं : ‘ठीक.’

दोन दिवसांनी बाईसाहेब आल्या त्या तोंड एवढंसं करून. दुपारी मोठ्या मॅडम केबिनमध्ये आल्या आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं की एकतर बदली असते नाहीतर अफरातफर.

“साहेब, तुम्ही तिच्यावर चिडलात का?”

“मी? कधी?”

“तुम्ही तिला पूर्णविराम दिलात.”

मला वाटलं, मी चुकून कोणाला नोकरीवरून काढलंय. मग मॅडमनी समजावलं. नुसतं ‘ठीक’ म्हणजे ठीक. ‘ठीक’पुढे टिंब म्हणजे साहेबांनी दार आपटलं. ‘ठीके’ असं लिहिलं तर साहेब चांगल्या मूडमध्ये आहेत. शाळेत पूर्णविराम राहिला म्हणून आम्ही छड्या खाल्ल्या, आणि आता दिला म्हणून ही शोभा!

मला तारेचे दिवस आठवले. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे आमची पिढी मुळातच मोजून बोलणारी. तरी त्यातही एक गंमत होती. लग्नाच्या, वाढदिवसाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांचे मजकूर तारखात्याने आधीच ठरवून त्यांना नंबर देऊन ठेवले होते. आपण खिडकीवर नुसता नंबर सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचं. म्हणजे पिवळी डोकी आमच्याकडेही होतीच, फक्त त्यांना आकडे होते. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली आणि डोकी मोकाट सुटली.

मुख्य कार्यालयाने मध्यंतरी आम्हा शाखाधिकाऱ्यांना ‘पिढ्यांमधला संवाद’ अशा नावाच्या प्रशिक्षणालाही पाठवलं. जेवण चांगलं होतं. तिथे कळलं की 1965 ते 1980 मध्ये जन्मलेले सगळे ‘जनरेशन एक्स’. एक्स म्हणजे आपला क्ष. आयुष्यभर ‘समजा, क्ष ही अज्ञात संख्या’ करत गणितं सोडवली, आणि शेवटी ती संख्या मीच निघालो.

खरी ठिणगी पडली ती यंदाच्या मार्चमध्ये. थकबाकी वसुलीसाठी मी ग्रुपवर एक मेसेज लिहिला. एका बोटाने, चाळीस मिनिटं. खातेदारांशी कसं बोलावं, जामीनदाराला कधी गाठावं, सारा अनुभव ओतला. शेवटी ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ असंही घातलं. आणि उत्तर काय? छोट्या मॅडमचा एक अंगठा. मागोमाग रांगेने सात अंगठे.

अहो, मराठी माणसाला अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे सांगायला हवं का? शिवाय मी बँकेतला. अंगठा म्हटलं की माझ्यासमोर निळा पॅड येतो. अंगठ्यावर पैसे द्यायचे तर बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. नुसत्या अंगठ्याला आमच्यात किंमत शून्य. हे मी छोट्या मॅडमना ठणकावून सांगितलं.

तिने शांतपणे मोबाइल पुढे केला. “सर, कॅनडात कोर्टाने मान्य केलाय.”

सस्कॅचेवान प्रांतातला एक शेतकरी. जवसाच्या सौद्याचा करार व्यापाऱ्याने त्याला मोबाइलवर धाडला, याने अंगठा टाकला. पुढे माल गेला नाही. शेतकरी म्हणे, अंगठा म्हणजे नुसती पोच. 2023 मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की ती सहीच, आणि भरपाई लावली 82 हजार कॅनेडियन डॉलरच्या वर. आधीच्या सौद्यांना तोच गडी ‘ओके’ नाहीतर ‘यप’ एवढंच लिहायचा आणि माल घालायचा.

“म्हणजे तुझा अंगठा ही सही समजू?” मी विचारलं. “वसुली आणणार?”

“आणली ना सर. कालच तीन खाती क्लिअर केली.”

यावर मी पंखा बंद कर म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात एका आजींच्या ठेवीची मुदत संपली. वय अठ्ठ्याऐंशी, अंथरुणाला खिळलेल्या, हात कापतो, सही जुळेना. मी, दोन्ही मॅडम आणि आमचे शिपाईमामा त्यांच्या घरी गेलो. पॅड उघडला, तसा आजींनी हात पदराखाली घेतला.

“अंगठा? मी? छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. अर्ध्या गावाला सही करायला शिकवलीय.”

मी नियम सांगितला. परिपत्रक सांगितलं. छत्तीस वर्षांचा अनुभव माझ्याकडेही होता, पण तो आजींच्या उशाशी उभा राहून नुसता घाम पुसत होता.

छोट्या मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. “आजी, आमच्यात अंगठा कधी देतात माहितेय? एकदम झकास असलं की.” आणि आपला अंगठा वर करून दाखवला.

आजींनी तो नीट निरखला. मग स्वतःचा वर करून पाहिला. बोळकं भरून हसल्या आणि म्हणाल्या, “मग घे बाई. पण शाई पुसून द्यायची.” मामांनी खोबरेल तेल मागून घेतलं आणि आजींचं बोट लख्ख करून दिलं.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं : ‘आजींचं काम झालं, छोट्या मॅडममुळे.’ पाठवण्याआधी शेवटचं टिंब खोडलं. जिवावर आलं, पण खोडलं.

लगेच छोट्या मॅडमचा अंगठा आला. त्याखाली मोठ्या मॅडमचा. आणि ग्रुपवर कधी अवाक्षर न काढणाऱ्या मामांचा.

मी पुन्हा मोजलं. अंगठा एक, साक्षीदार दोन, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी पास केलं.