‘ज्याला सोडायचं असतं तो सोडतोच’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे पाच जणांकडून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: व्यसन हा आजार वगैरे काही नाही, तो मनाचा दुबळेपणा. ज्याला सोडायचं असतं तो एका दिवसात सोडतो. पैसेवालेही पितात, गरीबही पितात, फरक फक्त संस्कारांचा. ताण, नैराश्य ही निमित्तं. मुलांना वेळेवर धाक दाखवला की ती या वाटेला जात नाहीत. आणि उपचारांवर खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण माणूस बाहेर येऊन पुन्हा तेच करतो. शेवटी, ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

पाठवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांतल्या दोघींच्या संसाराची कित्येक वर्षं दारूने खाल्ली आहेत. असा मेसेज हाती आला की निदान कुणीतरी आपल्या बाजूने बोललं, असं त्यांना वाटत असणार. पण तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही पडला आणि त्या ग्रुपमध्ये माझा एक चुलतभाऊ आहे. दारू सोडून त्याला सात महिने झालेत. त्याने मेसेज वाचल्याचं दिसलं. तो काहीच बोलला नाही. म्हणून मी लिहिते आहे.

‘एका दिवसात सोडतो’

इथूनच सुरुवात करते, कारण बाकीची विधानं चुकीची असली तरी हे एक थेट जिवावर बेतू शकतं.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीला पुरून उरण्यासाठी स्वतःला सतत चेतवत ठेवायला शिकलेला असतो. दारू एकदम बंद झाली की गुंगी जाते, पण मेंदूचं ते चेतलेलं असणं तसंच राहतं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या बरेच महिने घेऊन अचानक थांबवल्या, तरी असंच घडू शकतं.

हे प्रत्येकाला होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण कुणाला होईल हे घरात बसून ओळखता येत नाही, आणि ज्याला पूर्वी असे झटके येऊन गेलेत त्याला धोका अधिक असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नेमकी औषधं आणि थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देऊन हेच दिवस बहुतेक जण सुखरूप पार करतात. खोलीला बाहेरून कडी घालून ‘बघू आता कसा पितो’ म्हणणारं घर मायेपोटीच तसं वागत असतं. त्या घराला हे कुणी सांगितलेलं नसतं आणि मेसेज तर उलटंच सांगतो.

‘सगळा खेळ इच्छाशक्तीचा’

इच्छाशक्ती लागते. ती लागतच नाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही, कारण रोज सकाळी उठून ‘आज नाही’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या कष्टांना दुसरं नाव नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही इच्छाशक्ती उभी कशाच्या आधारावर राहते?

१९७१ साली अमेरिकेच्या लक्षात आलं की व्हिएतनाममधले आपले कितीतरी सैनिक हेरॉइन घेत आहेत. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पुढे काही वर्षं माग घेतला. तिथे असताना सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेलेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा त्या अवस्थेला गेले, तीन वर्षांत १२ टक्के. परतल्यावर बहुतेकांनी कसलाही उपचार घेतला नव्हता.

मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, सोडलंच की! पण माणसं तीच होती आणि त्यांची मनंही तीच होती. तिथे शुद्ध, स्वस्त हेरॉइन हाताशी होतं, मरणाची धास्ती होती, दिवसेंदिवसांचा कंटाळा होता. परतल्यावर घर होतं, काम होतं, ओळखीचे चेहरे होते आणि हेरॉइन मिळवणं अवघड होतं. निघण्यापूर्वी लघवीची सक्तीची तपासणी होती, तिचाही वाटा असणार. एका विमानप्रवासात कुणाची इच्छाशक्ती दुप्पट होत नाही. बदलली ती भोवतालची परिस्थिती. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्याचं मात्र याच्या बरोबर उलट होतं. तो बरा होतो आणि ज्या जागी, ज्या सोबतीत, ज्या रिकाम्या संध्याकाळी पिणं सुरू झालं, तिथेच परततो.

शिवाय सगळे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करत नाहीत. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, पंधराव्या वर्षाच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले होते. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर पिणं हेच एकमेव कारण, असं यातून सिद्ध होत नाही. पण चौदाव्या वर्षी समोर आलेला पहिला घोट कुणी आपली इच्छाशक्ती तोलून घेत नाही.

‘श्रीमंतही पितात, गरीबही पितात’

पितात. पण भोगतं कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली दारूमुळे जगात सुमारे २६ लाख माणसं गेली. माणशी पिण्याचं प्रमाण गरीब देशांपेक्षा श्रीमंत देशांत जास्त आहे. तरी प्यायलेल्या दर लिटर दारूमागे होणारे मृत्यू गरीब देशांत सर्वाधिक आहेत आणि श्रीमंत देशांत सर्वांत कमी. एकाच देशाच्या आतही हेच दिसतं. स्कॉटलंडमध्ये सुमारे ५० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखंच पिणाऱ्यांतही गरिबांना दारूमुळे रुग्णालय किंवा मृत्यू गाठण्याचा धोका जास्त निघाला. धूम्रपान, वजन, एका बैठकीत किती पितात, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच.

हा उरलेला फरक कशाचा, ते मी माझ्या समजुतीने सांगते. दोन माणसं डोळ्यांसमोर आणा, दोघं अगदी सारखीच पितात. पहिल्याची दरवर्षी तपासणी होते, यकृताचा आकडा वाढलेला दिसतो आणि डॉक्टर टोकतात. त्याला भरपगारी रजा आहे. एखाद्या सकाळी तो उठू शकला नाही तर दिवस बुडतो, नोकरी बुडत नाही. दुसरा रोजंदारीवर आहे, उंचावर चढून काम करतो. दवाखान्यात जायचं तर मजुरी जाते, म्हणून तो पोटात पाणी साठल्यावरच जातो. पोटभर न जेवता पितो, आधीचा क्षय किंवा मधुमेह अंगावर काढतो. पहिला उपचाराला गेला तर ‘तब्येतीच्या कारणाने सुट्टीवर’ असतो, दुसरा गेला तर ‘बेवडा’ असतो. दारू तीच, पण पडल्यावर पहिल्याच्या खाली गादी असते आणि दुसऱ्याच्या खाली फरशी. याला संस्कारांचा फरक म्हणणं मला फार निर्दय वाटतं.

आणि फरक संस्कारांचाच असता, तर दुकानातला नियम बदलल्याने तो हलला नसता. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूतल्या मद्यार्काच्या प्रत्येक मापाला किमान किंमत ठरवून दिली, म्हणजे अतिस्वस्त, कडक दारू बाजारातून जवळपास उठली. २०२३ मध्ये आलेल्या मूल्यमापनात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, हा नियम नसता तर झाले असते त्या तुलनेत, सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज निघाला. सर्वांत जास्त फायदा सर्वांत गरीब वस्त्यांत दिसला. हेही सांगायला हवं की आधीच पूर्ण आहारी गेलेल्यांना या नियमाने फारसं तारलं नाही. काहींनी जेवणाचे पैसे कमी करून दारूला घातले. त्यांना उपचारच हवे होते.

‘ताण, नैराश्य ही निमित्तं’

ती निमित्तं असती, तर परिस्थिती बदलल्याने वागणं बदललं नसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास आधीपासून चालू होता. त्यांतली साधारण पाव मुलं मूलनिवासी समाजाची होती. १९९६ मध्ये त्यांच्या राखीव भूमीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा त्या समाजातल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. काही घरं कुणाच्याही कर्तृत्वाशिवाय गरिबीतून वर आली. त्या घरांतल्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, मारामाऱ्या, चोऱ्या अशी लक्षणं चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. संशोधकांना मुख्य कारण सापडलं ते असं की आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला.

याच अभ्यासात मुलांची चिंता आणि नैराश्य मात्र पैशाने कमी झालं नव्हतं. मला हा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो. गरिबी हटली की मन आपोआप बरं होतं असं नाही, मनाच्या आजाराला स्वतंत्र उपचार लागतो. छातीतली धडधड थांबावी म्हणून जो पितो, त्याची धडधड दारू उतरल्यावर वाढलेलीच असते. त्याला फक्त ‘पिऊ नकोस’ सांगणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून वेदनाशामक काढून घेणं.

‘मुलांना धाक दाखवा’

धाक भरपूर दाखवून झाला आहे. अमेरिकेत १९८३ पासून ‘डेअर’ नावाच्या कार्यक्रमात पोलीस अधिकारी शाळांत जाऊन मुलांना अंमली पदार्थांविरुद्ध शिकवत होते. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य निघाला. १९९८ ते २००४ या काळात सरकारने अंमली पदार्थांविरोधी जाहिरातींवर जवळपास एक अब्ज डॉलर ओतले. मूल्यमापनात उपयोग दिसला नाही, उलट काही मुलांना ‘सगळेच घेतात वाटतं’ असा संदेश गेल्याची शंका आली.

आइसलंडने दुसरी वाट धरली. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायली होती, २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. शाळाशाळांत नियमित पाहणी, पालकांनी आपसांत केलेले करार, खेळ-संगीताच्या वर्गांसाठी घरांना पैशांची मदत, दारू-तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणि रात्री मुलांनी बाहेर न राहण्याचा नियम, असं ते काम होतं. याच काळात इतर देशांतही मुलांचं पिणं घटलं, शिवाय आइसलंड छोटा आणि सधन देश आहे, त्यामुळे सगळं श्रेय एका योजनेला द्यायला नको. तरी रोख बघा. मुलाला घाबरवण्यापेक्षा त्याची संध्याकाळ भरून टाकण्यावर त्यांनी मेहनत घेतली.

‘उपचार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी’

उपचारानंतर पुन्हा घसरण होते, हे खरं आहे. वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्क्यांची होते. उच्च रक्तदाब आणि दमा यांतही सांगितलेले उपचार नीट न पाळल्याने दुखणं उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही. दम्याचा झटका परत आला म्हणून आपण इनहेलर फेकून देत नाही, डॉक्टरांकडे जातो. अफूवर्गीय, म्हणजे हेरॉइनसारख्या, व्यसनांवरची मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. नियमित घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं.

मोठी रुग्णालयं हवीतच असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक चाचणी झाली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्के. त्याआधीच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण फारसं घटलं नाही. झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर लाकडी बाकांवर वस्तीतल्याच वयस्क बाया लोकांशी बोलायला बसतात. तिथल्या ५७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत उरली होती, इतरांपैकी जवळपास ५० टक्क्यांत.

माझ्या चुलतभावाचा हा तिसरा प्रयत्न आहे. मेसेजच्या हिशेबात पहिले दोन वाया गेले. पहिल्यात त्याला झटके आले आणि एकदम बंद करायचं नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं. दुसऱ्यात तो पाच महिने टिकला आणि त्याच्या लक्षात आलं की कामावरून आल्यावरचे दोन तास त्याला एकट्याने झेपत नाहीत. आता त्या दोन तासांत तो आधारगटाच्या सभेला जातो. सभा नसेल त्या दिवशी मला फोन करतो. मेसेज आला त्या संध्याकाळीही त्याचा फोन आला होता, आणि आम्ही जवळजवळ तासभर बोललो.