“गाड्यांचे भाव मुद्दाम चढवून ठेवलेत” हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायटी ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्याचा सारांश असा: गाडीची खरी किंमत निम्मी असते, बाकी सगळं डीलरच्या खिशात जातं. यार्डात गाड्या सडतायत पण भाव उतरू देत नाहीत. जीएसटी ११ टक्के कमी झाला, पण कोणीही किंमत ११ टक्के उतरवली नाही. नॅनो एक लाखात मिळत होती, मग आता चार लाख कशाचे? जुन्या गाड्या ॲपवाल्यांनी दाबून ठेवल्यात, वर त्यावर १८ टक्के टॅक्स. म्हणून सहा महिने कोणीही गाडी घेऊ नका, भाव कोसळतील, आणि अगदीच नड असेल तर दिल्लीहून अर्ध्या किमतीत आणा.

मी एवढं सविस्तर लिहितोय कारण लोक हे वाचून खरंच निर्णय घेतायत. आमच्या कोपरखैरण्यातले एक काका आहेत, काकूंना डायलिसिसला न्यावं लागतं, पैसे बाजूला काढून ठेवलेत आणि हा मेसेज वाचून थांबलेत, पावसात रिक्षा शोधत उभे राहतात. गाड्या महाग आहेत हे शंभर टक्के खरं आहे, पण का महाग आहेत ते चुकीचं सांगितलं की माणूस चुकीच्या ठिकाणी भांडतो आणि चुकीच्या गोष्टीची वाट बघत बसतो.

आधी डीलरचं बघू. नव्या गाडीवर डीलरला एक्स-शोरूमच्या, म्हणजे रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरायच्या आधीच्या किमतीच्या, साधारण तीन ते पाच टक्के मिळतात, त्यातून शोरूमचं भाडं, पगार आणि उभ्या स्टॉकवरचं बँकेचं व्याज जातं, कारण यार्डात दिसणारी गाडी बहुतेक वेळा कर्ज काढून उचललेली असते. स्टॉक साठला होता हे खरंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीलरांच्या संघटनेने, म्हणजे फाडाने, स्वतःच सांगितलं होतं की ७० ते ७५ दिवसांचा स्टॉक, जवळपास ७.८ लाख गाड्या, देशभर पडून आहेत. पण मग झालं काय, तर त्यानंतरच्या सणात डिस्काउंट निघाले, कारण रोज व्याज भरणाऱ्या माणसाला गाडी दाबून ठेवणं परवडतच नाही.

आता साटंलोटं अजिबात नसतंच असं मी म्हणत नाहीये. २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुतीला २०० कोटींचा दंड ठोकला, कारण डीलरने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त डिस्काउंट दिला तर कंपनी त्यालाच दंड करत होती असं आयोगाला आढळलं. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. पण नीट बघा, इथे डीलर जास्त सूट द्यायला तयार होता आणि त्याला अडवलं जात होतं, म्हणजे मेसेजमध्ये सांगितलंय त्याच्या बरोबर उलट. आणि तो प्रकार काही हजारांच्या डिस्काउंटचा होता, निम्म्या किमतीचा नव्हे.

डीलर खरा कमावतो तो कोटेशनच्या खालच्या ओळींत. इन्शुरन्स, ॲक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग आणि ते “हँडलिंग चार्जेस”. वाशी असो की वागळे इस्टेट, शोरूममध्ये बसल्यावर भांडायचं ते तिथे. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, तशी सक्ती करायचा कोणाला हक्क नाही. तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा इन्शुरन्स, मात्र २०१८ पासून नव्या गाडीला बंधनकारक आहे, १००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दरपत्रकाने १०,६४० रुपये, त्यात सूट मागू नका, ती मिळणार नाही. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा इन्शुरन्स) आणि झिरो डेपमध्ये (पार्टची झीज न कापता पूर्ण पैसे देणारा) मात्र दोन कंपन्यांचे कोट शेजारी ठेवले की हजारोंचा फरक दिसतो. हँडलिंगचे पैसे कशाचे हे लेखी मागा, बऱ्याचदा ती ओळ आपोआप गायब होते.

जीएसटीचा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतोय आणि तो निव्वळ गणिताची चूक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर २८ अधिक १ टक्का सेस, म्हणजे २९ वरून १८ वर आला. ११ ने कमी झाला तो कर, किंमत नाही. कंपनीची मूळ किंमत ५ लाख धरा. आधी २९ टक्के लागून एक्स-शोरूम ६ लाख ४५ हजार, आता ५ लाख ९० हजार. फरक ५५ हजार, म्हणजे जुन्या किमतीच्या साडेआठ टक्के, आणि कर पूर्ण उतरवला तर तेवढाच उतरायला हवा. त्यातच महाराष्ट्रात रोड टॅक्स जीएसटी धरून आलेल्या किमतीवर लागतो, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोलला ११ टक्के, त्यामुळे तिथेही सहा हजार वाचले. कंपन्यांनी किमती खरंच उतरवल्या, अल्टो के१० तेव्हा ३ लाख ७० हजारांच्या आत सुरू झाली, बातम्या बघा सापडतील.

पण हेच गणित उलटं वाचा ना. ५ लाखांच्या गाडीवर ९० हजार जीएसटी, मग त्या ९० हजारांसकट सगळ्यावर ६४,९०० रोड टॅक्स. म्हणजे करावर कर. मोठी गाडी बघितली तर डोळे फिरतात. तिला जीएसटी ४० टक्के, म्हणजे मूळ किंमत १० लाख असेल तर १४ लाख, डिझेल असेल तर त्यावर १४ टक्के रोड टॅक्स १ लाख ९६ हजार, म्हणजे दहा लाखांच्या वस्तूवर सहा लाखांना चार हजार कमी एवढा सरकारी वाटा, इन्शुरन्स अजून बाकीच आहे. निम्मी किंमत कुठे जाते असं विचारत होतात ना, तर बराचसा भाग इथे जातो. आणि यात वर्गवारीही विचित्र आहे, चार मीटरच्या आतली नेक्सॉन १२०० सीसीच्या आत बसते म्हणून तिच्या पेट्रोलला १८ टक्के, आणि तशीच चार मीटरच्या आतली ब्रेझा तिच्या दीड लिटर इंजिनामुळे ४० टक्क्यांत. शोरूममध्ये विचारलं तर सेल्समन “सर फीचर्स वेगळे” म्हणतो, खरं कारण करात आहे.

एमएच-०४ ऐवजी एमएच-४३ पासिंग केलं तर स्वस्त पडतं असंही त्याच ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं. नाही पडत, रोड टॅक्स राज्याचा आहे, ठाणे आणि वाशी दोन्हीकडे एकच.

नॅनोचं उदाहरण वाचून मला खरंच त्रास होतो. ती गाडी २००९ ला आली तेव्हा तिच्यात एअरबॅग नव्हती, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. २०१४ च्या क्रॅश टेस्टमध्ये नॅनोला शून्य स्टार मिळाले, त्या वेळच्या एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० आणि आय१० लाही शून्यच. त्यानंतर २०१९ मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग आली, मग पुढच्या दुसऱ्या सीटची, २०२० च्या एप्रिलमध्ये धुराच्या प्रदूषणाचे नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६, २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याचा दुसरा टप्पा. प्रत्येक वेळी गाडीत काहीतरी नवं बसलं आणि त्याचे पैसे किमतीत आले. छोट्या डिझेलला तर ते इतकं महाग पडलं की मारुतीने २०२० मध्ये डिझेलच बंद केलं. २०२३ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजार माणसं गेली. रात्री घोडबंदर रोडला कंटेनरच्या रांगेत घरच्यांना घेऊन जाताना एक लाखाची, बिनएअरबॅगची गाडी हवी असं मनापासून म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हा खर्च मी आनंदाने देईन.

कंपन्यांना दोष द्यायचाच तर वेगळा द्या. पाच लाखांच्या आत फारसा नफा उरत नाही म्हणून त्यांनी तिकडे नवं काही आणणं जवळपास थांबवलं, सगळा जोर एसयूव्हीवर. २०२४ मध्ये देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी टाटा पंच होती, वॅगन आर दुसरी. पहिली गाडी घेणाऱ्या माणसासमोरचे पर्यायच कमी झालेत, ही माझीही तक्रार आहे. पण त्याला कट म्हणत नाहीत, तो सरळ धंद्याचा निर्णय आहे आणि आपण सनरूफ बघून पैसे मोजतो म्हणून तो चालतो.

आता जुन्या गाड्यांकडे येऊ, कारण काकांसारख्या लोकांचा सगळा प्रश्न तिथेच आहे. चिपचा तुटवडा संपून जमाना झाला तरी जुनी वॅगन आर एवढी महाग का? ॲपवाल्यांनी दाबल्या म्हणून नाही. जुनी गाडी कारखान्यात बनत नाही, ती चार-पाच वर्षांपूर्वी नवी म्हणून विकली गेलेली असावी लागते. आठवा त्या काळात काय चाललं होतं. २०१८-१९ ला देशात ३३.८ लाख पॅसेंजर गाड्या विकल्या गेल्या, २०१९-२० ला २७.७ लाख, लॉकडाऊनच्या २०२०-२१ ला २७.१ लाख, आणि २०२१-२२ ला चिप नाहीत म्हणून ३०.७ लाख. आज बाजारात ज्या वयाच्या गाडीला सगळ्यात जास्त मागणी आहे नेमकी तीच कमी बनलीय, आणि ज्यांच्याकडे आहे ते नवी महाग म्हणून अजून दोन वर्षं चालवतायत. गाड्या कमी, विकणारे कमी, घेणारे जास्त, मग भाव कोण उतरवणार? त्यात सीएनजी असेल तर विचारूच नका, आणि पनवेल-पुणे रोज करणारे अजून जुनी डिझेल डिझायर शोधत असतात कारण नवी मिळतच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या गाड्यांच्या किमती उतरल्या तेव्हा जुन्यांचे भावही थोडे हलले, कारण पाच लाखांची जुनी आणि साडेपाचची नवी असं झालं की लोक नवीकडेच वळतात. जुन्या बाजाराला खाली ओढणारी गोष्ट हीच आहे, बहिष्कार नाही.

१८ टक्क्यांची अफवा दोन ओळीत संपवतो. जानेवारी २०२५ पासूनचे ते १८ टक्के नोंदणीकृत डीलरच्या नफ्याच्या फरकावर आहेत, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाहीत. चार लाखांना घेऊन साडेचारला विकली तर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. तुम्ही तुमची गाडी शेजाऱ्याला विकलीत तर शून्य.

खरा भुर्दंड व्याजात बसतो आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. नवीला ९ टक्क्यांच्या आसपास लोन मिळतं, जुनीला सहज १३-१४ टक्के सांगतात. ५ लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण १०,३८०, आणि १४ टक्क्यांनी ११,६३५. पाच वर्षांत सुमारे ७५ हजार जास्त जातात. यार्डवाल्याशी दहा हजारांसाठी तासभर घासाघीस करायची आणि लोनच्या कागदावर न वाचता सही करायची, असं अनेक जण करतात, कृपा करून करू नका.

मग सहा महिने थांबून काय होईल? नव्या गाडीत वर्ष संपताना आधीच्या वर्षात बनलेल्या स्टॉकवर सूट मिळते, ती दर वर्षीच मिळते, बहिष्काराची गरज नाही, फक्त पुढे विकताना ती गाडी एक वर्ष जुनी धरली जाते हे लक्षात ठेवा. उलट जानेवारी आणि एप्रिलमध्ये बहुतेक कंपन्या किमती वाढवतात. जुन्यांत थोडा दिलासा येईल तो २०२२-२३ पासूनच्या गाड्या विकायला येतील तेव्हा, त्या वर्षी ३८.९ लाख आणि २०२४-२५ ला ४३ लाख विकल्या गेल्यात. पण त्यात एसयूव्हीच जास्त आहेत, त्यामुळे छोटी, चांगली ठेवलेली, फर्स्ट ओनर हॅचबॅक तेव्हाही स्वस्तात मिळेल असं मला वाटत नाही. गरज असेल आणि हप्ता झेपत असेल तर काकांनी आत्ताच घ्यावी, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

राहिली दिल्लीची गाडी. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोलवर बंदीची टांगती तलवार होती म्हणून त्या पडेल भावात निघायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नुसत्या वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली, त्यामुळे तशा गाडीच्या मालकाला विकायची तेवढी घाई राहिली नाही. तरी स्वस्त मिळाली समजा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), लोन असेल तर बँकेची एनओसी, गाडी इथे आणायचा खर्च, मग वाशीला नव्याने पासिंग, आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो पण तो मूळ मालकाच्या नावाने आणि सावकाश. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्याच्या नंबरवर चालवता येत नाही. दहा वर्षांची डिझेल असेल तर पाच वर्षांत आरसी रिन्यू करायची वेळ येते, त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालीय, वर पर्यावरण कर आणि फिटनेस. त्यामुळे टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका, ओनर कितवा, लोन चढलेलं आहे का, चलन किती बाकी आहेत बघा, आणि सर्व्हिस सेंटरकडून किलोमीटरची नोंद काढून घ्या. विकणारा ती नोंद द्यायला टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका, मग तो दिल्लीचा असो नाहीतर तुर्भ्याचा.