पाच पौंड पुंगळ्या आणि एक जिवंत काडतूस: तुमच्या परीक्षणाला उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच. इथे टेक्सासात माझं बहुतेक गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारं, त्यांना यातलं काही कळायचं नाही. पण आपली माणसं वाचतात, आणि त्यांच्यासमोर तुम्ही "मराठी माणूसच मराठी माणसाला टोपी घालतो" असं लिहिलंय. तेव्हा बोलणं भाग आहे.

ज्यांनी मूळ परीक्षण वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यांनी गोळ्यांची जॅकेटं, म्हणजे शिशाच्या गोळीवरची पितळी आवरणं, बनवायला माझ्याकडून टू-टू रिमफायरच्या (छोट्या .२२ काडतुसांच्या) न निवडलेल्या पुंगळ्यांचा, म्हणजे बार उडाल्यावर उरणाऱ्या रिकाम्या पितळी नळ्यांचा, पाच पौंडांचा खोका मागवला. त्यात एक जिवंत काडतूस निघालं. मोजल्यावर पुंगळ्या ३,३४० भरल्या, यांच्या हिशेबाने १६० कमी. बऱ्याच चेपलेल्या होत्या, धुतल्यावर पाणी काळं झालं, आणि डायमधून, म्हणजे घडवायच्या साच्यातून, काढताना दर चौथी पुंगळी उभी चिरली. शिवाय कोल्हापूरच्या पुतण्याला शंभर पुंगळ्या पाठवायला मी नकार दिला. एकूण निष्कर्ष, मी नेमबाजीच्या रेंजवरचा कचरा झाडून पोस्टाने विकतो. एक तारा.

आधी जिवंत काडतूस. ती चूक माझी, पूर्णपणे माझी. "न निवडलेला" याचा माझ्याकडे अर्थ एवढाच की कंपनीच्या छापाप्रमाणे वेगळं केलेलं नाही. सीसीआयचा 'सी', फेडरलचा 'एफ', विंचेस्टरचा 'सुपर एक्स' सगळं एकत्र. त्यात जिवंत काही असलं तरी चालेल, असा अर्थ कधीच नव्हता.

तुमच्या फोटोत काडतुसाच्या काठावर बंदुकीच्या पिनेची खूण स्पष्ट दिसते. म्हणजे ते झाडायचा प्रयत्न झाला होता, पण उडालं नाही. रिमफायरमध्ये पेटणारं रसायन बुडाच्या मधोमध नसतं, काठाच्या पोकळीत गोल फिरवून भरलेलं असतं. एखाद्या जागी ते पोचलं नाही आणि पिन नेमकी तिथेच बसली, की नुसता टक्‌ आवाज. नेमबाज वैतागून ते काढून टाकतो, खरं तर ते वेगळ्या बादलीत जायला हवं, पण पडतं खाली. आणि ते मेलेलं नसतं. काठ फिरवून दुसऱ्या जागी पिन बसली तर उडूही शकतं. तुम्ही भट्टीत पुंगळ्या तापवायच्या आधी ते बघितलंत हे तुमचं आणि माझं नशीब. बंदुकीबाहेर तापलेलं काडतूस गोळी फार लांब फेकत नाही, पण पितळ फाटून त्याचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

ते माझ्या हातून सुटलं कसं? माल आला की आधी लोहचुंबक फिरवतो, मग चाळणी, त्यात नऊ मिलिमीटरच्या जाड पुंगळ्या वर राहतात. मग सूप. हो, सूपच, आईने दिलेलं, बॅगेत घालून आणलेलं. रिकामी पुंगळी साधारण पाऊण ग्रॅमच्या आतच. जिवंत काडतुसात चाळीस ग्रेनची (अडीच ग्रॅमच्या वरची) शिशाची गोळी, म्हणजे तीन ग्रॅमच्या वर गेलंच. पाखडलं की रिकाम्या पुढे सरकतात आणि जिवंत तेवढं तांदळातल्या खड्यासारखं मागे राहतं. इतकी वर्षं या सुपाने मला दगा दिला नव्हता. पण त्या आठवड्यात उघड्या रेंजवरचा माल पावसात भिजून आला होता. ओल्या, चिखलाने एकमेकींना चिकटलेल्या पुंगळ्या पाखडता येत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळेल. वाळवायला हव्या होत्या. मी घाई केली, वरवर हात फिरवला आणि खोका बंद केला. वर अमेरिकन पोस्टाने जिवंत काडतूस पाठवायला बंदी आहे, ते वेगळंच. आता माल दोन दिवस उन्हात वाळल्याशिवाय सुपात जात नाही, आणि सुपानंतर परातीत एकच थर पसरून प्रत्येकीचं तोंड रिकामं आहे ना ते बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण करतो.

आता मोजणी. तीन हजार तीनशे चाळीस पुंगळ्या तुम्ही हाताने मोजल्यात, त्या चिकाटीला मनापासून नमस्कार. पण मी वजनावर विकतो. पौंडात सात हजार ग्रेन. पुंगळी दहा ग्रेनची धरली तर पौंडाला सातशे, तिथून तुमचे ३,५०० आले. मिश्र मालात सीसीआयच्या स्टिंगर काडतुसासारख्या लांब पुंगळ्या असतात, काजळी असते, म्हणून सरासरी साडेदहावर गेली. पाच पौंडांना ३,३३३ होतात. सात जास्तच गेल्या, त्या परत मागत नाही.

चेपलेल्या असणारच. काँक्रीटवर पडतात आणि वर माणसं बूट घालून उभी राहतात. निमुळता पंच घालून तोंड उघडतं, आणि जॅकेट बनवणाऱ्याला तेवढं पुरतं. हे मी पानावर लिहिलेलं नव्हतं, आता लिहिलंय.

काळ्या पाण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी जरा बोलायचंय. "घरच्या रोवळीत धुतलं" असं तुम्ही लिहिलंत. ती काजळी नुसती बारुदाची नाही. बहुतेक काडतुसांच्या काठातल्या त्या रसायनात शिसं असतं, आणि ते पुंगळीच्या आत, बाहेर बसतं. ती रोवळी कृपा करून पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. हातमोजे घाला, धूळ उडू देऊ नका, काम झालं की हात साबणाने धुवून मगच चहाचा कप उचला. खोक्यात ही सूचना इंग्रजीत बारीक अक्षरात होती. बारीक ठेवायला नको होती.

चिरण्याचा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण मी पोटापाण्याला डाय बनवणारा कारागीर आहे. तुम्हाला इमेलवर विचारलं, कशाने चकचकीत केल्यात? तुम्ही ज्या पॉलिशचं नाव दिलंत त्यात अमोनिया आहे, डबीच्या मागे लिहिलंय. पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे, आणि ते उघडकीला आलं आपल्याच पावसाळ्यात. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्याचे महिने घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची आणि पुंगळ्या आपोआप चिरायच्या. ऋतूबरोबर होतं म्हणून इंग्रजीत नावच पडलं सीझन क्रॅकिंग. खरं कारण १९२१ मध्ये समजावून सांगितलं गेलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि ओढून घडवलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण. तुमच्या फोटोतल्या चिरा तशाच उभ्या आहेत. तरी मी छातीठोक सांगत नाही. पुंगळ्या पुरत्या तापवून नरम केल्या नसतील तरीही काठ दाबताना पितळ फाटतं. पुढच्या खेपेला लिंबूसत गरम पाण्यात घालून धुवा. आजी समई चिंचेने घासायची, तेच तत्त्व, आंबट. मग वाळवा, तापवा, आणि आधी वीसच काढून बघा.

कोल्हापूरला न पाठवण्याबद्दल. मी कोल्हापुरातच, उद्यमनगरच्या कारखान्यांत हात काळे केलेला माणूस आहे. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते टू-टूवर. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं कांस्य घेतलं तेही टू-टूवर. त्यानंतर गावाकडून मला किती जणांनी किचेनसाठी पुंगळ्या मागितल्या ते सांगता सोय नाही. सख्ख्या भाच्यालाही दिली नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. विमानतळावर पोराच्या बॅगेत पुंगळी सापडली तर उत्तरं तुमच्या भावाला द्यावी लागतील. मी पाठवणार नाही. तुम्हीही सुट्टीला जाताना खिसे झटकून जा.

आणि कचरा म्हणालात, तर आहेच की. रेंजवाल्याला तो भंगारच वाटतो. पण दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची जॅकेटं मिळेनाशी झाली तेव्हा छंदी लोकांनी याच कचऱ्याचे काठ दाबून जॅकेटं केली. काडतुसं भरायची अवजारं बनवणारी १९४३ पासूनची आरसीबीएस कंपनी, तिच्या नावातला 'एस' त्याच स्वेज डायचा, म्हणजे दाबून घडवायच्या साच्याचा. तुम्ही पाच पौंड मागवलेत ते तरी कशासाठी?

पैसे काल परत पाठवले, पोस्टखर्चासकट. पुंगळ्या ठेवून घ्या. परीक्षण काढा असं मी म्हणत नाही, काडतुसाबद्दल लिहिलंय ते तसंच राहू द्या, पुढच्याने खोका उघडताना जपून बघावं. फक्त ते काडतूस मला परत पोस्टाने पाठवू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. तुमच्या जवळच्या रेंजवर न उडालेल्या काडतुसांची बादली असते, तिथे हातात द्या, नाहीतर पोलीस ठाण्याला फोन करून विचारा. दिलंत की एक ओळ कळवा. तोवर मला झोप नाही.