लाल काडीत कोण कोण आहे, ते आधी दाखवा

आज परत तेच. शिक्षण परिषद, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर कसाबसा प्रोजेक्टर चालू, भिंतीवर केंद्रातल्या, म्हणजे आमच्या आसपासच्या, सगळ्या शाळांच्या चाचणीतल्या गुणांच्या काड्या (आलेखातले उभे स्तंभ हो) उभ्या आणि त्यात आमची काडी लालभडक. बोलणाऱ्या साहेबांनी लेझरचा ठिपका नेमका तिच्यावर धरला. "ही शाळा कोणाची?" सगळ्या माना वळल्या. मी हात वर केला. पुढचं सांगत बसत नाही, ज्यांनी जिल्हा परिषदेत नोकरी केलीय त्यांना ते पाठ आहे.

घरी आले, भाकरी टाकल्या, जेवणं झाली, तरी ती काडी डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या दुसरीच्या पटावर सात मुलं आहेत. सात! म्हणजे एक मूल म्हणजे चौदा टक्के. चाचणीच्या दिवशी एक जण आईबरोबर कापूस वेचायला गेला आणि दुसऱ्याला ताप भरला, की वर्ग झाला अठ्ठावीस टक्क्यांनी खाली. तालुक्याच्या गावातल्या शाळेत दुसरीला साठ मुलं असतात, तिथं दोघं आली नाहीत तर काडी हलतसुद्धा नाही. आणि या दोन्ही काड्या शेजारी शेजारी, एकाच जाडीच्या. काडीखाली बारीक अक्षरात "7 पैकी" एवढं लिहायला कितीशी जागा लागते हो?

हे मी मास्तरकीच्या मानपानातून बोलत नाहीये. मला आठवतोय तो गेल्या वर्षीच्या पालकसभेतला एक बाप. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव, निम्मी वस्ती दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे जाते. होळीला जमलं तर दोन दिवस येते, नाहीतर थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास. हा त्यातलाच. वरून सूचना होती की पालकांना, आम्ही चाचण्यांचे गुण भरतो त्या ॲपमधला प्रगती-आलेख दाखवा आणि दाखवतानाचा फोटो टाका. दाखवला. त्यानं हात शर्टाला पुसले, मोबाइल दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "मॅडम, यामा मनी पोर कोठे शे?" यात माझी पोर कुठं आहे?

मी पिवळ्या काडीवर बोट ठेवलं. म्हटलं, ही दुसरीची, यातच आहे ती. तर म्हणतो, "हाई ते बठ्ठा (सगळा) वर्ग शे. मनी पोर?"

या माणसाला शाळा माहीत नाही. पण मुकादमाच्या वहीत आपल्या कोयत्याची, म्हणजे तोडणीच्या जोडीची, ओळ कुठली, त्यापुढे किती टन, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती आणि फिटली किती, हे त्याला बरोबर कळतं. वहीत आपली ओळ नसेल तर ती वही आपल्या कामाची नाही, एवढा साधा हिशेब. आणि आम्ही त्याला सरासरी दाखवत होतो.

तिचं पान ॲपमध्ये आहे, नाही असं नाही. पण तिथं पोहोचायला आधी वर्ग, मग विषय, मग चाचणी, मग यादी, आणि आमच्याकडे रेंज म्हणजे देवाची कृपा. उघडलं एकदाचं. एक रेषा होती. जूनमध्ये थोडी वर, दिवाळीपर्यंत आणखी वर, आणि मग एकदम तळाला. शून्य. तिथून परत वर. बापानं त्या तळावर अंगठा ठेवला. "आठे खड्डा कसाना शे?" इथं खड्डा कशाचा?

काय सांगणार? ती चाचणीला नव्हतीच, आणि गैरहजर म्हणजे शून्य असं ॲपनं धरलं. फळ्याकडे बघून गप्प बसलेल्या पोराला शून्य आणि शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात मोळ्यांजवळ धाकट्या भावाला सांभाळत बसलेल्या पोरीलाही शून्य. मी म्हटलं, दादा, तेव्हा तुम्ही बारडोलीला होता ना.

तो म्हणाला, "मंग तठे बारडोली लिखा ना."

बस्स. आख्ख्या परिषदेत एवढं शहाणपणाचं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. जिथं माहिती नाही तिथं रेषा तुटू द्या, जागा कोरी सोडा आणि कोरी का आहे ते लिहा. "स्थलांतर." "आजारी." "शाळा बदलली." सरकारच स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतं ना? म्हणजे हे मूल गावात नाही, दुसरीकडे आहे, हे सरकारला कागदावर मान्य आहे. आलेखात मात्र ते मूल ढ.

आता ती पोर म्हणजे काय, ते सांगते. पहिलीला आली तेव्हा घरची बोली वेगळी, मी बोलायची ती मराठी तिला परकी. फळ्यावरच्या अक्षराकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्य म्हणतं, दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचता आले पाहिजेत. बरोबर आहे, आले पाहिजेत, मी कुठं नाही म्हणते. पण ती अक्षरापासून शब्दापर्यंत, शब्दापासून काना-मात्रा-वेलांटीच्या वाक्यापर्यंत आली, मध्ये काही महिने फडात काढून परत आली, आणि परत आल्यावर दप्तरातून सगळ्यात आधी काय काढलं तर चुरगळलेली, उसाच्या रसाचे डाग पडलेली बालभारती. तिथं वाचत होती. कोणी सांगितलं नव्हतं. ही गोष्ट कुठल्या काडीत टाकू? 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा निदान वर्णनात्मक नोंदी तरी होत्या. आम्ही त्या एकमेकींच्या बघून उतरवायचो हा भाग वेगळा. पण एखाद्या मुलाबद्दल एखादं खरं वाक्य लिहायला जागा होती. आता जागा फक्त आकड्याला.

बरं, वह्यांच्या जमान्यात कोणी त्या वह्या उघडून बघत नव्हतं, आणि चौथीच्या तिघांची हातच्याची वजाबाकी कच्ची आहे हे मला या ॲपमुळेच वेळेत कळलं. कबूल.

पण कबूल म्हणून काय, रंगांबद्दल बोलायचं नाही? 59 ला लाल आणि 60 ला पिवळा. एका गुणानं पोर धोक्याच्या बाहेर! बरं, हे तक्ते दर्शनी भागात लावायचे असतात. आमच्याकडे रंगीत प्रिंटर नाही, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे काळी-पांढरी. त्यात लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी येतात. गेले वर्षभर आमच्या भिंतीवर सगळी मुलं एकाच रंगाची आहेत, आणि खरं सांगू, तोच तक्ता मला सगळ्यात जास्त आवडतो. शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसं असतात, पुरुषांत तर बऱ्यापैकी असतात. साहेबांत एकही नसेल?

आणि तो उभा अक्ष! एका पडद्यावर 0 पासून सुरू, दुसऱ्यावर 40 पासून. 40 पासून सुरू केला की 52 ची शाळा 58 च्या शाळेपुढे गुडघ्याएवढी दिसते. सहा गुणांचा फरक, पण काडी दीडपट उंच. आज ज्या शाळेचं टाळ्या वाजवून कौतुक झालं तिच्यात आणि आमच्यात नेमकं एवढंच अंतर होतं. त्या शाळेच्या मॅडम माझ्या मैत्रीण आहेत, वाचतीलच हे. तुमचं अभिनंदन, मनापासून, पण काडी खोटं बोलतेय.

वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मध्ये संकलित एक, शेवटी संकलित दोन. तिन्हींचा अभ्यासक्रम वेगळा, काठिण्य वेगळं. तरी तिन्ही ठिपके रेषेनं जोडायचे आणि रेषा खाली आली की "अधोगती" म्हणायचं. मूल विसरलं की पेपर अवघड होता, हे त्या रेषेला विचारून सांगा बरं.

कुठंतरी वाचलं होतं ते आज राहून राहून आठवत होतं. विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसानं 1786 मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख काढले. जिथं वर्षानुवर्षांचे आकडे होते तिथं रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे मिळाले, म्हणून नाइलाजानं काड्या काढल्या. काड्यांच्या बापालाच काड्या कमअस्सल वाटत होत्या! आणि आमच्याकडे पोरांची पहिलीपासूनची सगळी माहिती भरून घेतलेली आहे, आम्हीच रात्री जागून भरलीय, तरी साहेबांसमोर काड्याच.

फार लांब जायलाच नको. माझ्या शाळेच्या भिंतीपलीकडे अंगणवाडी आहे. ताईंकडे वाढीचा तक्ता असतो, मुलाचा वेगळा, मुलीचा वेगळा, हिरवा-पिवळा-नारिंगी पट्टा आणि त्यावर त्या एका बाळाच्या वजनाचे महिन्या-महिन्याचे ठिपके. ताई आईला शेजारी बसवतात आणि सांगतात, बाई, रेषा आडवी झाली, लक्ष दे. पट्टा कुठला यापेक्षा रेषा कुठं चाललीय याकडे त्यांचं जास्त लक्ष. पिवळ्यात असून वर चढणारं बाळ आणि हिरव्यात असून खाली येणारं बाळ यातलं कोणाच्या घरी आधी जायचं, हे त्यांना बरोबर माहीत असतं. तेच बाळ सहा वर्षांचं होऊन भिंत ओलांडून माझ्याकडे आलं की त्याची स्वतःची रेषा संपते आणि ते काडीत जाऊन बसतं.

मघाशी फार तापले होते. आता जरा शांत झालेय तर हेही लिहिते की ज्या पोरांनी कुठंतरी एसीत बसून हे ॲप बनवलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना सांगितलं असेल, साहेबांना एका पडद्यावर सगळा जिल्हा दिसला पाहिजे. दिसला. वरच्या माणसाला एकत्र आकडा लागतो, तेही खरं. पण मग वर्गात शिकवणारीसाठी दुसरा पडदा करा ना! उघडल्या उघडल्या सात मुलांचे सात ठिपके, प्रत्येकाचं नाव. बोट लावलं की त्या पोराची रेषा, सुरुवात कुठून केली तिथपासून. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या. अक्ष सगळीकडे एकच. रेंज नसताना उघडेल असा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये कळेल असा. आणि जिथं खंड आहे तिथं दोन शब्द लिहायला मोकळी जागा. एवढं काही अवघड नसावं, माझा भाचा पुण्यात यापेक्षा कठीण कामं करतो म्हणे.

माझ्या यादीत असं काम करणारं कोणी असेल तर इनबॉक्समध्ये या. पैसे नाहीत, पण आमचे आकडे, आमच्या अडचणी आणि हिवाळ्यात भरीत-भाकरी एवढं नक्की देईन.

आणि कोणी कमेंटमध्ये "मॅडम, सकारात्मक राहा" लिहिणार असेल तर कृपया आजच्या दिवस नको.

आता उठते. लाल शाळांनी उद्या दुपारी बारापर्यंत "सुधारात्मक कृती आराखडा" भरायचा आहे, त्याच ॲपमध्ये. घसरणीचं कारण निवडायला चार पर्याय दिलेत: शिक्षकांची उदासीनता, साहित्याचा अभाव, पालकांचे असहकार्य आणि इतर. 'इतर'मध्ये शंभर अक्षरं बसतात. बारडोलीला चार लागतात, तेवढी भरून टाकते.