‘अँजिओग्राफी नॉर्मल, म्हणजे हार्ट ओके’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: शुगरवाल्यांनो, घाबरू नका. ईसीजी आणि अँजिओग्राफी नॉर्मल असेल तर हृदयाला काही झालेलं नाही. धाप लागते ती वयामुळे. शुगर कंट्रोलमध्ये ठेवा, रोज दोन केळी खा, गोळ्या सोडा. आणि अर्थातच, ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’.

‘अँजिओग्राफी नॉर्मल, म्हणजे हृदय नॉर्मल.’ सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. अँजिओग्राफीत दिसतात त्या रक्तवाहिन्या. मोठं ब्लॉकेज नाही हे त्यातून कळतं, तेवढं खरं. पण ठिबकच्या नळ्या मोकळ्या आहेत म्हणून विहिरीवरची मोटार धड आहे, असं रावेर-यावलचा कोणता केळीवाला मानेल?

१९७२ साली अमेरिकेत शर्ली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांची नोंद छापली. चौघांनाही हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदयाचं काम शरीराला पुरत नव्हतं; पण त्याला कारण ठरेल असा अडथळा हृदयाच्या वाहिन्यांत नव्हता. बिघाड स्नायूतच होता. यालाच डायबेटिक कार्डिओमायोपथी म्हणतात. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासातून दिसलं की मधुमेह नसलेल्यांपेक्षा मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअर दुपटीहून जास्त, तर बायकांत पाचपट.

होतं असं की स्नायू इंधन म्हणून चरबीवर जास्त विसंबतो, त्यात तंतू साचत जातात आणि भिंती ताठ होतात. हृदय आकुंचन पावतं नीट, पण सैल पडत नाही. मग आतला दाब मागे फुफ्फुसांवर येतो. म्हणूनच टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’ वाचून लोक खुशीत घरी येतात आणि खालची ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ची, म्हणजे हृदय नीट सैल पडत नसल्याची, ओळ तशीच राहते. उतारवयात ती ओळ बऱ्याच रिपोर्टांत असते आणि नुसत्या ओळीनं आजार ठरत नाही. पण सोबत धाप असेल तर डॉक्टरांना विचारायलाच हवं. ब्लडप्रेशर, वजन आणि शुगर यांतलं कशानं किती बिघडवलं, हे वेगळं काढणं मात्र अवघड असतं.

ईसीजीबद्दल एवढंच, की तो नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो.

‘धाप वयामुळे लागते.’ आपल्याकडच्या आई-मावश्या ‘माले काही होत नही’ म्हणतात आणि पदर सावरायचं निमित्त करून जिन्यात मध्येच थांबतात. तेव्हा वय मोजू नका, पाय बघा. नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडतो का, आणि तो लगेच भरतो का? रात्री एका उशीच्या दोन झाल्या का? चार-सहा दिवसांत दोन-तीन किलो वजन वाढलं असेल तर ती कळण्याची भाकरी अंगी लागलेली नाही, बहुधा पाणी साचलंय. पापड, बिबडे, लोणचं यातलं मीठ ते आणखी वाढवतं. हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी इथे कामाला येते. मधुमेहींनी ती किंवा तसलीच तपासणी वर्षातून एकदा करावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०२२ मध्ये सुचवलंय.

‘शुगर कंट्रोलमध्ये, म्हणजे हृदय सेफ.’ शुगर आटोक्यात हवीच. पण ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीत एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) सहाच्या खाली आणायचा धडाका लावला, तेव्हा त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. शुगर कशी उतरवता, तेही महत्त्वाचं. पायोग्लिटाझोनसारखी गोळी अंगात पाणी धरून ठेवते. हार्ट फेल्युअरवाल्यांना ती देत नाहीत.

‘दोन केळी.’ किडनी कमजोर असेल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. केळीचा अभिमान असावा, पण तो बाजारात.

‘गोळ्या सोडा.’ नेमकी हीच वेळ गोळ्या सोडायची नाही. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर आणि मीठ लघवीवाटे बाहेर काढतात. २०१५ च्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिननं हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं ३५ टक्क्यांनी घटलं. २०२१ मध्ये पंपिंग चांगलं असलेल्यांनाही फायदा दिसला. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यापासून एम्पाग्लिफ्लोझिन आपल्याकडे बरीच स्वस्त झालीय. एक पथ्य मात्र आहे. निरंकार उपवास, उलट्या-जुलाब किंवा चैत्रात सप्तशृंगी गडावर उन्हातून पायी जाणं असेल, तर ती किती दिवस थांबवायची हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. अशा वेळी ती चालूच राहिली, तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.